मनू आज भांडली

शनिवार, संध्याकाळ

आज मनू माझ्याशी भांडली. सहा वर्षांची मुलगी भांडली म्हणून आईला इतका आनंद व्हावा, हे बरोबर आहे का? माहीत नाही. झाला आहे.

गेले काही महिने ती फारच शहाण्यासारखी वागत होती. ऑफिसचा कॉल संपवून मी खोलीबाहेर आले की आधी माझा चेहरा बघायची. "आई, तू दमलीस का?" मग हट्ट नाही, रडणं नाही. मी आवाज चढवत नाही, म्हणजे माझ्या ताणाचं तिला काही कळत नाही, असं मी धरून चालले होते. सॉफ्टवेअर तपासणं हे माझं काम, आणि एवढं गृहीतक तपासलं नाही. "तू दमलीस का?" हे तिने रोज का विचारावं?

तीन आठवड्यांपूर्वी संध्याकाळचे कॉल बंद केले. आता त्या वेळी खालच्या मजल्यावरच्या बेळगावच्या अक्कांबरोबर बॅडमिंटन खेळते. "स्वल्प ओरडून मार गं, शॉट बसतो," म्हणतात. शास्त्रीय वाटत नाही, पण ओरडते. झोप लागते.

आज घामाघूम होऊन घरी आले, तर मनूने चेहरा बघितलाच नाही. "मला का नाही नेलंस? एकटीच मजा करतेस! कट्टी!" आणि पलंगाखाली शिरली.

माझा नवरा निखिल तिला समजवायला निघाला. मी त्याचा हात धरला. "थांब. रुसू दे तिला."

"अगं, तू हसतेयस?"

पलंगाखालून मनू ओरडली, "हसू नका! मी खरंच चिडलेय!"

मग मीही पलंगाखाली शिरले.