त्या सांजेला दिवा नाही लावला

माय, त्या दिवशी सांजेला मी अंगणातला दिवा लावला नाही. तू गेल्यापासून पहिल्यांदा. दुसऱ्या कोणाकडून कळायच्या आधी मीच सांगून टाकते.

तुझी नात अमरावतीले राजापेठेत खोली घेऊन राहते, आकाशाचं शिकते. तू तिले पाहिलं नाही. सुटीत आली ती पिठाच्या डब्याएवढी जाड दुर्बीण घेऊन. भरभर बोलते, म्हणून मले पुन्हा पुन्हा विचारावं लागलं. शेवटच्या ग्रहाच्याही पलीकडे एक बर्फाचा गोळा फिरतो म्हणे. एवढा लांब, की मोठ्या दुर्बिणीतही नुसता ठिपका. केवढा आहे, कोणाले नक्की माहीत नाही. पण तो एखाद्या ताऱ्यासमोरून गेला की तारा थोडा वेळ झाकला जातो, अन् किती वेळ झाकला त्यावरून गोळ्याची रुंदी काढतात. ते झाकणं सगळीकडून दिसत नाही, जमिनीच्या एका पट्ट्यातच दिसतं. यावेळचा पट्टा आपल्या मोर्शीवरून अन् अकोल्यावरून जाणार होता, तोही अंधार पडल्या पडल्या. अकोल्याले तिचे सोबती बसणार, इथं ही. इथवर ठीक होतं.

मंग म्हणाली, "आई, त्या सांजेले अंगणातला बल्ब लावायचा नाही. उजेड नळीत येते."

"ते होणार नाही. बाकी काय पाहिजे ते माग."

"मंग वावरात बसते."

"बस. संत्र्याच्या झाडाखालून आभाळ दिसते का पाहा. अन् लाईन कुठून घेशील?"

"काय आहे एवढं त्या बल्बात?"

मी सांगितलं नाही. मले ते अजून जसंच्या तसं दिसते. मी लहान, खेळून राहिली, अंधार पडला तरी दिवा लावायचं भान नाही. तू वावरातून येतेस, डोक्यावर वैरणीचा भारा. अंगणातच थांबतेस. "घरात कोणी मेलं का?" विचारतेस. मी काडेपेटी शोधते, काडी ओली, पेटत नाही. तू भारा उतरवत नाहीस, आतही येत नाहीस, तशीच उभी. दिवा लागला तेव्हा भारा टाकलास. "बाहेरून येणाऱ्याले लांबून दिसलं पाहिजे, घरात माणूस आहे," एवढंच म्हणालीस. मारलं नाहीस. मारलं असतं तर मी विसरली असती. पुढं तेलाचा दिवा जाऊन बल्ब आला, पण वेळ मी चुकवली नाही. तुले पोचवून आलो त्या सांजेलेही मी आधी बटन दाबलं, मग रडत बसली.

त्या दुपारी अकोल्याहून फोन आला. तिकडं आभाळ भरलं होतं. पोट्टी पायरीवर बसली.

"आता इथूनच पाहाले भेटन," म्हणाली.

"अन् इथूनही नाही झालं तर?"

"तर हा गोळा हातचा गेला. पुन्हा असा तारा कधी समोर येईल, काय माहीत."

बल्बाचं पुन्हा काही बोलली नाही. त्याचाच मले राग आला. मागितलं असतं तर नाही म्हटलं असतं. मी उठली, बल्बच काढून ओट्यावर ठेवला. नुसतं लावू नको म्हटलं तरी माझा हात सवयीनं बटनावर गेला असता.

अंधार पडला तशी शेजारीण फाटकातून ओरडली, "काहो, तुमच्याच घरची लाईट गेली का?"

"नाही गेली. पुढं चाला."

दुर्बिणीतलं सगळं तिच्या कॉम्प्युटरवर दिसे; त्याचा उजेड बाहेर नको म्हणून पोट्टीनं त्यावर माझं जुनं लुगडं पांघरलं. आम्ही दोघी त्याच्या आत डोकं घालून बसलो. तारा म्हणजे एक बारीक ठिपका. "आता, आई," ती म्हणाली. ठिपका होता, अन् नव्हता. मग तो परत आला, जसा कुठं गेलाच नव्हता. तिनं माझं मनगट आवळलं. हात बर्फासारखा गार.

"झालं, आई."

"एवढ्याशासाठी?"

"एवढ्याशासाठीच."

ती आकडे पाहत बसली, अन् मी बल्ब घेऊन उठली.

हा कागद कुठं पाठवायचा नाही, घडी करून पिठाच्या डब्याखाली ठेवते. पण एक राहिलं. असलं काही मी मानत नाही, तुले माहीत आहे. तरी बल्ब बसवायच्या आधी मी फाटकापर्यंत गेली, अंधारात सगळं अंगण पाहून घेतलं. कोणी भारा घेऊन ताटकळत तर नाही, एवढंच पाहायचं होतं. कोणी नव्हतं. मग लावला.