बॅग मिळत नाही तोवर

ती. ताईच्या चरणी,

कमरेत उसण भरल्यामुळे वाकून नव्हे, खुर्चीत बसल्या बसल्याच साष्टांग नमस्कार घालतो आहे, तो गोड मानून घे. (उसण कशाने भरली ते पुढे येईलच.) तुझे गुडघे कसे आहेत? जिना चढताना एक जास्त दुखतो असं तू मागच्या पत्रात लिहिलं होतंस, पण उजवा की डावा ते मी विसरलो, तेव्हा दोघांचीही काळजी घे. भाऊजींचा खोकला थांबला असेल, आणि नसेल थांबला तर तू तरी रात्री दुसऱ्या खोलीत झोपत जा. आमच्याकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं म्हणजे हे पत्र लिहायला मी सकाळपासून कितव्यांदा बसतोय ते मलाच ठाऊक नाही. दोन ओळी झाल्या की उठतो, आतल्या खोलीत जाऊन बॅगांकडे बघतो, एखादीची चेन उघडून लावून पाहतो आणि परत येतो. तेवढ्यात काय लिहायचं होतं ते विसरतो. अक्षर मधेच बदललेलं दिसलं तर मी उभ्याने लिहितोय असं समज.

तुझी भावजय जहाजावर नोकरीला निघाली आहे. (आता बसून घे.) इतकी वर्षं इस्पितळात मेट्रन म्हणून अख्खा मजला धाकात ठेवल्यावर ही गेल्या वर्षी निवृत्त झाली. निवृत्त झाल्यावर माणसं बसतात. मी बसलो. ही बसली नाही. त्या मोठ्या प्रवासी जहाजांवर, ज्यांच्या सफरींना हल्ली सगळे क्रूझ म्हणतात, एक छोटा दवाखाना असतो आणि तिथे अनुभवी परिचारिका लागते, हे हिला कुठून कळलं कोण जाणे. मुलाखत स्वयंपाकघरात बसून फोनवरच झाली. मी बाहेरच्या खोलीत होतो आणि ही कोणा गॅसवाल्याला झापते आहे अशी माझी समजूत होती. तीन महिने पाण्यावर, एक महिना घरी, की पुन्हा तीन महिने पाण्यावर, असा तो प्रकार आहे. नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा हिच्या चार मैत्रिणी घरात बसल्या होत्या. त्यांच्या देखत मी मोठ्या मनाने म्हणालो, जरूर जा. (मोठ्या मनाची हीच पंचाईत आहे, एकदा चारचौघांत बाहेर काढलं की परत आत घेता येत नाही.)

हिने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. बॅग तेवढी बघा म्हणाली, मला एकटीला उचलता आली पाहिजे, जहाजावरच्या झोपायच्या बंकखाली मावली पाहिजे, आणि वर्षात सहा वेळा चढउतार करून फाटायला नको. आता ज्या माणसाने सारी हयात वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून लोकांचे तराजू तपासण्यात घालवली, त्याला 'हलकी' असं मोघम सांगून कसं चालेल? मी खिशात ताणकाटा टाकला आणि दुकानात गेलो. दुकानदाराने एक कडक कवचाची, चकचकीत निळी बॅग काढली, तिच्यावर बुक्की मारली, मग बूट काढून स्वतः तिच्यावर उभा राहिला आणि हत्ती बसला तरी काही होणार नाही म्हणाला. (हिच्या बॅगेवर हत्ती कशाला बसेल, हे मी विचारलं. त्याने बूट घातले.) मी बॅग काट्याला अडकवली. चिठ्ठीवर लिहिलेल्या वजनापेक्षा ती चांगलीच जड भरली. तर तो म्हणे, चिठ्ठीवरचं वजन चाकं आणि दांडा सोडून असतं. ताई, चाकं आणि दांडा काय मागाहून टपालाने येणार होते? मी त्याला मापात पाप या विषयावर थोडक्यात समजावून सांगायला घेतलं. तेवढ्यात त्याची तीन गिऱ्हाइकं निघून गेली. शेवटी तो हात जोडून म्हणाला की बॅग घरी न्या, वापरून बघा, नाही पटली तर बदलून न्या, पण आत्ता जा. बिचाऱ्याने हात दाखवून अवलक्षण करून घेतलं. मी आजवर त्याच्या दुकानातल्या निम्म्या बॅगा बदलून आणल्या आहेत.

(उठून आलो. करड्या बॅगेचा दांडा वर ओढला की अडकतो. तिसऱ्यांदा तेलाचा थेंब सोडला.)

बॅग रिकामी उचलून काही कळत नसतं. म्हणून मी प्रत्येक बॅगेत हिची परिचर्येची जाडजूड पुस्तकं आणि खात्याने निरोपाच्या दिवशी मला दिलेली पितळी वजनं भरत असे, आणि ती घेऊन जिना चढत उतरत असे. उसण तिथलीच. चाकं पाहायची तर रस्ता मोकळा हवा, म्हणून भल्या पहाटे बाहेर पडू लागलो. दोन चाकांची बॅग तिरकी करून ओढावी लागते, ती हाताला ओढ देते. चार चाकांची बॅग म्हणजे गुणी बाळ, एक बोट लावलं की बाजूने चालू लागते. मी तर जवळजवळ तीच पसंत केली होती. पण आपल्या गल्लीला उतार आहे हे मी चष्मा पुसायला थांबलो तेव्हा लक्षात आलं. बॅग माझी वाट न बघता निघाली. मी मागे, बॅग पुढे. खालच्या कोपऱ्यावरचा शिंपी नुकतंच दुकान उघडत होता. त्याच्या अंगावरून ती आत शिरली आणि अर्धवट शिवलेला कोट घातलेल्या लाकडी पुतळ्याला घेऊन आडवी झाली. जमिनीवर ही तऱ्हा, तर हलत्या जहाजावर काय होईल? ही दवाखान्यात पेशंटला सुई टोचत असेल आणि हिची बॅग कप्तानाच्या दारात जाऊन उभी असेल. चार चाकं बाद केली. शिंप्याची माफी मागितली, त्याने पाणी दिलं, आणि जाताना माझ्याकडे फार विचित्र नजरेने बघितलं.

त्या नजरेचा अर्थ मला उशिरा कळला. ताई, तूच विचार कर. एक म्हातारा माणूस रोज पहाटे भरलेली बॅग घेऊन घराबाहेर पडतो, गल्लीच्या टोकापर्यंत जातो, थोडा वेळ थांबतो आणि मान खाली घालून परत येतो. (मान खाली मी चाकं बघायला घालत होतो.) आणि दर दोन दिवसांनी बॅग नवी. त्यातच एका संध्याकाळी आमचं चेनवरून वाजलं. ही म्हणाली चांगली आहे चेन, मी म्हणालो खरी परीक्षा खाऱ्या हवेत होईल. आवाज चढले आणि हिचं 'एकदाचं जाऊ द्या ना' हे वाक्य खिडकीतून थेट जिन्यात गेलं. झालं. मी घर सोडून चाललो आहे आणि रोज धीर होत नाही म्हणून परत येतो आहे, यावर सगळ्या आळीचं एकमत झालं. वरच्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक खास खाली आले आणि संसार टिकवण्याबद्दल माझी तासभर शिकवणी घेतली. (त्यांची बायको कधीची मुलाकडे राहते, वर्षातून एकदा येऊन पंखे पुसून जाते.) अगदीच वेळ आली तर आपला दिवाण रिकामा आहे असंही हळूच सांगून गेले. शिंप्याने तर एका पहाटे माझ्या बॅगेचा दांडाच धरला. "साहेब," तो म्हणाला, "रागाच्या भरात माणूस निघतो हो, पण संध्याकाळी जायचं कुठे?" मी म्हणालो, अहो, मी नाही, ती जाते आहे. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात ठेवल्यावर मला एकाएकी भरून आलं, ते का आलं हे मला तेव्हा कळलं नाही.

पुढे आगीतून फुफाट्यात. शिंपी आमच्या सासूबाईंचे कपडे शिवतो. सासूबाई दुसऱ्याच दिवशी टॅक्सी करून हजर. या वयात त्यांना ऐकायला कमी येतं, पण बोलायला अजिबात कमी येत नाही. आल्या आल्या त्यांनी लेकीला समोर बसवलं आणि देवमाणसासारख्या नवऱ्याला तू असं काय केलंस म्हणून फैलावर घेतलं. (देवमाणूस हा शब्द माझ्याबद्दल त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला. लग्नात त्यांनी माझ्या काकांना विचारलं होतं की मुलगा नेहमीच असा दिसतो का.) ही आधी हसत सुटली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, आणि मग तिच्या तोंडून जहाजाचं निघालं. ते तिने आईला अजून सांगितलंच नव्हतं. खोटं कशाला बोलू, माझ्या मनात आशा उगवली. ज्या बाईने लेकीला शेजारच्या गावची सहल नाकारली होती ती हिला समुद्रावर थोडीच पाठवेल? सासूबाईंनी जेवणाखाण्याचं कसं असतं ते विचारलं. डॉक्टर तरुण आहे की पोक्त, तेही विचारलं. मग म्हणाल्या, "मला कोणी विचारलं असतं तर मीही गेले असते." आणि चहा मागितला. मी तो करायला आत गेलो आणि साखर कुठे ठेवतात ते शोधत बसलो.

त्यानंतरही मी बॅगा आणत राहिलो. कापडी आणली, ती हलकी होती पण तळ पातळ. तळ जाड असलेली आणली, ती जड निघाली. एक सर्व बाजूंनी उत्तम होती, तिचा रंग मला जरा भडक वाटला. ही जेवताना प्रत्येक बॅगेचा निकाल ऐकून घ्यायची आणि ताट उचलायची. परवा मात्र तिने ताट उचललं नाही. माझ्याकडे सरळ बघून म्हणाली, "तुम्हाला बॅग शोधायची आहे, की दिवस ढकलायचे आहेत?" ताई, मी इतक्या दुकानदारांना खोट्या मापासाठी पकडलं, पण पकडलेल्या माणसाला कसं वाटतं ते मला परवा कळलं. मी उठलो आणि चाकाला तेल घालायला गेलो. चाक काही कुरकुरत नव्हतं.

तेव्हापासून मला चैन नाही. पायाला भिंगरी लागल्यासारखा या खोलीतून त्या खोलीत फिरतो. मला समुद्राची भीती नाही, हिच्या हुशारीबद्दल शंका नाही. मला हिच्याशिवाय करमत नाही, इतकी साधी गोष्ट आहे, आणि या वयात ती तोंडाने सांगायची लाज वाटते म्हणून मी बॅगांना नावं ठेवत बसलो. आधी आई होती, मग तुझ्याकडे राहून शिकलो, मग ही आली. ज्या घरात हाक मारली तर कोणी ओ देत नाही, तिथे मी, हिच्या रात्रपाळ्या सोडल्या तर, एक दिवस काढलेला नाही. असो. भाऊजींना नमस्कार, तुझ्या गुडघ्यांना शेक.

तुझा, एका जागी न बसणारा,
धाकटा भाऊ

ता. क. एक छोटंसं काम होतं. तू हिला एक पत्र टाकशील का, की तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन येत्या महिन्यातच ठरलं आहे आणि घरचं, जाणतं माणूस जवळ हवं? ऑपरेशन प्रत्यक्ष करायलाच हवं असं नाही.

ता. क. २. वरचं खोडायला घेतलं होतं, पण कागद फाटला असता. ते रद्द समज. आजारपणाचं खोटं लिहू नकोस, मला ते शोभत नाही आणि तुलाही. त्यापेक्षा तूच इकडे ये. ही गेली की लगेच ये, महिना दोन महिने राहा. मी बोलावलं असं हिला सांगू नकोस, सहज आलीस असं दाखव.

ताई, पुढचं मी लिहिते आहे. पत्र टाकायला यांनी माझ्याच हातात दिलं, तेही पाकीट न चिकटवता, तेव्हा वाचलं यात माझा दोष धरू नका. ऑपरेशनचं वाचून खूप हसले. गुडघ्यासाठी सकाळी खुर्चीत बसून पाय सरळ उचलायचा व्यायाम करा, वजन थोडं कमी करा, ऑपरेशन लागणार नाही. बॅग मी काल घेतली. यांच्याच दुकानदाराकडून. एका हाताने उचलून पाहिली, उचलली, घेतली. तो बिचारा पैसे घेतानाही दाराकडे बघत होता, मागून हे येतात की काय म्हणून. यांना अजून दाखवली नाही, आज रात्री दाखवीन. तुम्ही लगेच येऊ नका. यांना एक महिना एकटं राहू द्या. साखर कुठे असते ते यांना कळलं पाहिजे, आणि आपण राहू शकतो हेही. मी जाणार आहे, त्यात बदल नाही. पण तुम्हाला म्हणून सांगते, इतक्या रात्रपाळ्या केल्या त्या घरी हे आहेत या भरवशावर केल्या. तिथे मला झोप लागेल की नाही, मला माहीत नाही. हे यांना मात्र कळू देऊ नका, नाहीतर लगेच हलक्या वजनाची उशी शोधायला बाहेर पडतील.