पुसानच्या घरास

येचन, २० सप्टेंबर १९७६

पुसानच्या घरास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पार्सल काल पोचले. आत निघाले ते असे: सुक्या बारीक मासळीच्या तीन पुड्या, समुद्री शेवाळाची एक जुडी, बिस्किटांचा डबा आणि नानहीसाठी निळा लोकरी कोट. भाडे तिकडे भरले होते म्हणतात, तरी स्टेशनवरून आणायला हमालाने शंभर वॉन घेतलेच. कोटाच्या बाहीला किमतीची चिठ्ठी तशीच राहिली होती, चार हजार आठशे वॉन. विसरून राहिली असेल. मी ती काढून जपून ठेवली आहे, कोणाला हवी असल्यास.

सासूबाईंचे गुडघे थंडीने धरले आहेत. बाकी बुद्धाच्या कृपेने क्षेम.

सणाला आम्ही नव्या माणसाचा अपमान केला, असे थोरल्या भाऊजींनी यांना लिहिले आहे. सकाळी उठून मी विचारपूस केली नाही म्हणे. पहाटे मी सोयाच्या रांजणांपाशी पाण्याची वाटी ठेवून हात जोडते, त्या वेळी माणसांशी बोलत नाही, हे या घरात सर्वांना ठाऊक आहे. नंतर कुत्र्याला झोप झाली का म्हणून विचारले, हेही खरे. कुत्रा बारा वर्षे या घरात आहे.

राहता राहिली नानही. तिची आई गेली तेव्हा पोर नऊ वर्षांची होती. भाऊजी पुसानला एका खोलीत राहत, तेव्हा मुलीचे काय करावे हे त्यांना सुचेना, ते मला सुचले. चार वर्षे ती माझ्या शेजारी झोपते. आता लग्न झाले, घर झाले, तर मार्चपासून तिला तिकडच्या शाळेत घालायचे असे ते लिहितात. मुलगी हमालाला शंभर वॉन देऊन पोचवता येत नाही, एवढे त्या घराने ध्यानात घ्यावे.

लोभ आहे तितका पुरे, वाढवायची घाई नाही.
उलसुन

*

पुसान, २ ऑक्टोबर १९७६

धाकट्या जाऊबाई उलसुन यांस,
स. न. वि. वि.

तुमचा आशीर्वाद मिळाला. धाकट्या जावेने थोरलीला आशीर्वाद देण्याची पद्धत तुमच्या गावाकडे नवी निघाली असेल, पुसानला अजून आलेली नाही. म्हणून तो परत पाठवते आहे. दुमडलेला नाही, वापरलेला नाही.

मी एकतीस वर्षांची आणि तुम्ही त्रेचाळीस, हे मला लग्नाच्या दिवसापासून दर भेटीत ऐकवलं गेलंय. पण मी थोरल्या भावाची बायको आहे. हा नियम मी केलेला नाही, तुमच्याच लोकांनी केलाय आणि तुम्हीच तो गावभर शिकवता. सासूबाईंनी त्या दिवशी तुम्हाला स्पष्ट सांगितलं की वय चुलीपाशी ठेव आणि हिला जाऊबाई म्हण. तुम्ही म्हणालात की हो, म्हणते की. आणि तांदूळ निवडायला बसलात.

सणाच्या सकाळी मी अंगणात उभी राहिले. वीस माणसांचा स्वयंपाक आदल्या दिवशी तुमच्याबरोबर केला होता, हाताला चटके होते. तुम्ही मला ओलांडून कुत्र्याला विचारलंत. तुमचं मला काही लागलं नाही. मी सहा वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये काढलीत, न बोलणारी माणसं मला नवी नाहीत. पण नानही तोंडावर हात धरून हसली, ते लागलं. तुम्ही मला जाऊबाई म्हणत नाही म्हणून ती मला आई म्हणत नाही, इतकं मला कळतं. ती मला काहीच म्हणत नाही. वडिलांना विचारते की घरात कोणी मीठ मागत होतं का.

तेव्हा असं ठरलंय. हिवाळी सुट्टीत महिनाभर ती इथे राहील. नंतर शाळा येचनची की पुसानची, हे तिने स्वतः सांगायचं. तिच्या वडिलांनी तसं कबूल केलंय आणि मीही. तुम्हालाही करावं लागेल.

कोटाची चिठ्ठी मी विसरले नव्हते. तुम्ही हिशेब ठेवता असं ऐकलं होतं.

लोभ असल्यास कळवावे.
एरान

*

येचन, २३ डिसेंबर १९७६

पुसानच्या घरास,
आशीर्वाद, परत आले तरी पुन्हा.

भाऊजींबरोबर नानहीला पाठवीत आहे. सोबत दोन गरम आतले कपडे, जाड मोज्यांचे तीन जोड, तिखट कोबीचा डबा (आमच्या हातचा, तिकडचा तिला सोसत नाही) आणि तो कोट. कोट तिने अंगात घातलेला नाही, घडी मोडलेली नाही.

सणाला पोर हसली, ते चुकलेच. आमच्या घरातली मुलगी वळणाशिवाय वाढली, असे कोणी म्हणता कामा नये. म्हणून हे दोन महिने मी तिला रोज संध्याकाळी समोर बसवून सगळे शिकवले आहे. उठल्यावर कुठे बसायचे, हात कसे ठेवायचे, थोरांना झोपेचे कसे विचारायचे, जेवणाचे कसे विचारायचे, पाठ न दाखवता खोलीबाहेर कसे पडायचे. माझ्या आजेसासऱ्यांच्या वेळी म्हणत ती पुरी वाक्ये तिला येतात. आता कोणाला तक्रारीला जागा राहू नये.

देवळात तिच्या नावाने दिवा लावला आहे. सुट्टी संपली की परत पाठवावे.

उलसुन

*

पुसान, ९ जानेवारी १९७७

धाकट्या जाऊबाई उलसुन यांस,
स. न. वि. वि.

तुमची शिष्या सुखरूप आहे. तुम्ही केलंत ते काय केलंत, हे मी सांगते, म्हणजे तुम्हाला पुरतं समाधान मिळेल.

सकाळी सहाला ती आमच्या दाराशी येते. गुडघे टेकते, कपाळ जमिनीला लावते आणि विचारते की रात्रभर आपली निद्रा सुखाची झाली ना. तहान लागली तर पाणी घेण्याची अनुज्ञा मागते. जेवताना मी चमचा उचलल्याशिवाय उचलत नाही. मी खोलीत गेले की उठून उभी राहते. मी बसले की बसत नाही. मंत्र्याच्या घरी अर्ज घेऊन आलेल्या बाईसारखी भिंतीला लागून असते.

सगळे खूश आहेत. तिच्या वडिलांची मान ताठ झालीय. घरमालकीण आपल्या तीन मुलींना आणून दाखवून गेली की बघा, याला म्हणतात घराणं. मला म्हणाली, सावत्र असून केवढा मान ठेवते हो, नशीब काढलंत. मी हसले. दुसरं काय करणार.

एक्सचेंजमध्ये गिऱ्हाईक शिव्या द्यायला लागलं की आम्ही अशाच बोलायचो. जितकी घाण शिवी, तितका गोड आवाज आणि तितकं लांबलचक वाक्य. समोरच्याला हात लावायला जागाच ठेवायची नाही. तुम्ही तेरा वर्षांच्या पोरीला ते दोन महिन्यांत शिकवलंत, आम्हाला सहा महिने लागायचे.

मी तिला सांगून पाहिलं की घरात साधं बोललीस तरी चालेल, वर्गातल्या मुली आपल्या आयांशी बोलतात तसं. ती म्हणाली की आपल्याशी तसं बोलणं मला शोभणार नाही, काकू रागावतील. मी एक दिवस मुद्दाम पहाटे उठून बाजारात निघून गेले, तो नमस्कार चुकवायला. आठ वाजता परतले तर ती जिन्यात माझी वाट बघत बसलेली, हात मांडीवर, ओठ निळे. मग निद्रेचं विचारलं.

शिकवणीबद्दल आभारी आहे. लोभाचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा.
एरान

*

येचन, १५ जानेवारी १९७७

पुसानच्या घरास,
आशीर्वाद.

मुलीला वळण लावणे हा गुन्हा असेल तर तो मी केला. उद्धटपणाची तक्रार घेऊन लोक येतात, अदबीची तक्रार मी त्रेचाळीस वर्षांत पहिल्यांदा ऐकली. जड जात असेल तर उपाय सोपा आहे. बसची वेळ कळवावी, मी स्टँडवर उभी राहीन.

पत्र सासूबाईंना वाचून दाखवले. पाणी घेण्याच्या अनुज्ञेपाशी त्या इतक्या हसल्या की मला पाठ चोळावी लागली. मग मध्येच थांबून म्हणाल्या, तुझ्याशी कशी बोलते गं ती? मी म्हटले, अगदी अदबीने. त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या.

चांद्र पंचांगाच्या बाराव्या महिन्यातल्या सप्तमीला नानहीच्या आईचे श्राद्ध आहे. दरवर्षीप्रमाणे पान मी इथेच वाढीन. मुलीला त्याआधी पोचते करावे. आईच्या पानापुढे लेक हवी.

उलसुन

*

पुसान, २९ जानेवारी १९७७

धाकट्या जाऊबाई उलसुन यांस,
स. न. वि. वि.

नानहीला पाठवलं नाही. श्राद्ध थोरल्या मुलाच्या घरी व्हायचं असतं, हाही तुमच्याच लोकांचा नियम. म्हणून ते मी इथे केलं.

मला त्यातलं काही येत नव्हतं. माझे आईवडील चर्चला जाणारे, आमच्याकडे पितरांना जेवण वाढत नाहीत. विचारायला तुम्ही होतात, पण तुम्हाला विचारण्यापेक्षा चुकलेलं बरं, असं मला वाटलं. आणि चुकलेच. सकाळपासून मी भाज्या परतल्या, वर लसूण घातला, लाल तिखट घातलं, कोणी परकं म्हणू नये म्हणून जरा सढळ हातानेच.

नानही दारात आली, पातेल्यात पाहिलं आणि किंचाळली. मला म्हणाली, तुला काही कळतं का गं? मला. तुला. म्हणाली, तिखट-लसणाने मेलेली माणसं दारातून परत जातात, एवढंही ठाऊक नाही तुला? आईला घरात येऊ द्यायचं नाही म्हणून मुद्दाम घालतेस. तू कोण गं तिला अडवणारी?

मीही आवाज चढवला. म्हटलं, मला कोणी शिकवलंय का, तुला येतं तर तू कर. तिने पातेलं उचलून सगळं ओतून दिलं. मी तेलाचा भाव सांगितला. ती म्हणाली, तुझं तेल गेलं खड्ड्यात. घरमालकीण जिन्यात येऊन उभी राहिली होती. मग आम्ही पहिल्यापासून सगळं केलं, रडत आणि भांडत. मासा कुठल्या बाजूला तोंड करून ठेवायचा, फळं कशी रचायची, तिला सगळं येत होतं. चार वर्षं तुमच्या मागे उभं राहून पाहिलेलं. हे मी लिहिते आहे, कारण ते खरं आहे.

पान वाढल्यावर मीही कपाळ टेकलं. त्या घरात ती माझ्या आधीची, म्हणजे माझी थोरली. काय बोलावं ते सुचेना, म्हणून झोप सुखाची होते ना, एवढंच विचारलं.

दुसऱ्या दिवशी दाराशी कोणी आलं नाही. साडेसातला ती उठून आली, केस पिंजारलेले, झोपायच्या कपड्यांवर तो निळा कोट. नमस्कार नाही, काही नाही. म्हणाली, जमिनीखालचा कोळसा विझलाय, खोली गार पडलीय, तू रात्री उठून बघत का नाहीस? आणि भात शिल्लक आहे का?

काल वडिलांनी शाळेचं विचारलं. ती इथलं नाव म्हणाली, आणि मग बराच वेळ खोलीबाहेर आली नाही.

एक विचारायचं आहे. तुमच्याशी ती कधी भांडली आहे का? सहज विचारते.

एरान

*

येचन, ५ फेब्रुवारी १९७७

थोरल्या जाऊबाईंच्या पायांशी,
उलसुनचा साष्टांग नमस्कार वि. वि.

रात्री झोप सुखाची झाली ना?

वरच्या तीन ओळींना चार कागद लागले. खराब झालेले तीन पाठकोरे आहेत, हिशेबाला चालतील.

तुम्ही सहज विचारले नाहीत, हे तुम्हालाही ठाऊक आहे. वर्मावर नेमके बोट ठेवलेत, तुम्हाला तेच येते. उत्तर असे की नाही. चार वर्षांत एकदाही नाही. गोवर आला तेव्हा तापात बडबडत होती, तेव्हासुद्धा काकू, आपल्याला जागावे लागते, क्षमा असावी, असेच म्हणत होती. मला त्याचा अभिमान वाटे. देवळात मी ते चारचौघींना सांगत असे. सासूबाईंनी त्या दिवशी विचारले तेव्हाही मी ताठ मानेने सांगितले, आणि मग भांडी घासताना त्यांचा प्रश्न मला कळला.

नानहीच्या आईला मी अकरा वर्षे रोज सकाळी झोपेचे विचारले. ती गेल्यावर ते वाक्य मी कोणाला द्यायला तयार नव्हते. तुम्ही तिलाच विचारलेत, तेव्हा माझ्याकडे राखून ठेवण्यासारखे काही उरले नाही.

म्हणून तुम्ही मला आवडू लागलात, असा अर्थ काढू नये. न विचारता श्राद्ध केलेत ते मी विसरणार नाही. सढळ हाताने तिखट घातलेत तेही नाही. इथे मीही पान वाढले होते. त्या एका दिवसात नानहीच्या आईला दोन गावी जेवावे लागले.

शाळेत नाव तिकडेच घालावे. यांच्या हाती पाठवीत आहे ते असे: नानहीच्या आईची पितळी वाटी व चमचा, श्राद्धाला हेच वापरावे. नानहीचे अंथरूण, उशी. तिखट कोबी आता तिकडचाच खाऊ दे. आणि कोटाची चिठ्ठी, ती मला नको.

पंधरा तारखेला इथल्या शाळेचा निरोपाचा समारंभ आहे. त्याला तिला तुम्ही घेऊन यावे, भाऊजींनी नव्हे. सकाळी अंगणात मी तुम्हाला विचारीन. कुत्र्याच्या आधी विचारीन.

ती मला वाकून नमस्कार करील, पुरी वाक्ये म्हणेल. मीच शिकवली आहेत, तक्रार कोणाकडे करणार? पण त्याआधी एक करावे. तिला समोर बसवून मला एक पत्र लिहायला लावावे, अगं काकू म्हणून. माझ्याबद्दल तक्रारी असतीलच, चार वर्षांत कोणाच्या साचत नाहीत? अंगावर गार पाणी घातल्याची असेल, केस ओढून विंचरल्याची असेल, तुमच्याशी बोलू नको म्हटल्याची असेल. त्या सगळ्या लिहाव्या. रागावून लिहावे. शुद्धलेखन तपासू नये.

पोस्टमन इथे सकाळी दहाला येतो. उलट टपाली पाठवावे.

आपली,
उलसुन