गोपिकाबाईंचं वाक्य

१२ जानेवारी
गोरक्षनाथ जाऊन आज महिना झाला. सहावीत मी त्याची वर्गशिक्षिका होते. बाकाखाली बोरं खायचा, पकडला की निम्मी मलाच द्यायचा. लष्करात स्वयंपाकी झाला. मेससाठी भाजी आणताना ट्रक दरीत गेला — त्याच्या सोबतच्या जवानाने आईला फोनवर एवढंच सांगितलं.
सरकारी पुस्तिकेत मात्र तो बंदूक घेऊन सहा जणांना वाचवतो आहे.

१५ जानेवारी
सरकारच्या प्रचार खात्याचे साहेब आमच्या आष्टीला आले. सव्वीस तारखेला गोपिकाबाईंनी, त्याच्या आईने, मंचावर बोलायचं. शाळेला गोरक्षनाथचं नाव मिळणार म्हणून त्या तयार झाल्या.
"मॅडम, तुम्ही रिटायर्ड शिक्षिका. टाळ्या पडतील असं एक वाक्य लिहून द्या."
मी भाजीच्या ट्रकचं काढलं. म्हणाले, "कांदे आणताना गेला, हे शिकवायचं का मुलांना?" सगळे हसले. मीही. का हसले मी?
लिहून दिलं: 'मला आणखी एक लेकरू असतं, तर तेही देशाला दिलं असतं.' मी कॉन्व्हेंटमध्ये शिकताना सिस्टर क्लारा असल्या वाक्याखाली लाल रेघ मारायच्या. म्हणायच्या, खरं लिही.

१९ जानेवारी
गोपिकाबाईंना वाचता येत नाही. त्या शेळ्या पिळतात, मी म्हणते, त्या मागून म्हणतात.
"बाई, माझं पोरगं भाकरी लई पातळ थापायचं. ते सांगू का?"
"साहेब तसलं नको म्हणतात, गोपिकाबाई."
"बरं. तुमी लिवलं म्हंजे बराबरच आसल."
अंजू, त्यांची मुलगी, चारा टाकत होती.

२३ जानेवारी
पाठ झालं.

२६ जानेवारी
एक अक्षर चुकलं नाही. टाळ्या थांबेनात. अंजू आईचा हात धरून मंचावर उभी होती. तिचा हात धरूनच त्या म्हणाल्या — आणखी एक लेकरू असतं तर.
लिहिताना मला अंजू आठवलीच नाही! साहेबांनाही नाही. कोणालाच नाही.


२ फेब्रुवारी
अंजूची माफी मागायला गेले. ती घरी नव्हती. गोपिकाबाई दारात बसून होत्या.
"मिलटरीच्या भरतीचा फारम भराया जालन्याला गेली. म्हनली, आई, मी हाये ना दुसरी. आता सगळ्यायला दिसंल."
मग माझ्याकडे बघत म्हणाल्या, "बाई, तिला न्हाई म्हनायचं एक वाक्य लिवून द्या. मी पाठ करते."