वाचनालयातल्या चाळीस खुर्च्यांविषयी मावशीस

मंक्टन, शुक्रवार, मार्च महिना

तीर्थस्वरूप म्युरिएलमावशीस,

ऑरिनचा साष्टांग नमस्कार. (गुडघा धरला आहे, म्हणून मनातल्या मनातच घातला, मानून घे.) तुझी कंबर कशी आहे? अंगणातला बर्फ अजून तूच उपसतेस असं आईकडून कळलं. या वयात हा हट्ट बरा नव्हे, पण तुला सांगणार कोण? नाताळातला फ्रूटकेक पोचला. त्याबरोबरच्या कार्डावर गेली बारा वर्षं असतो तसा यंदाही 'शुभेच्छा' एवढा एकच शब्द होता. तोही पोचला.

आमच्याकडे सगळं क्षेम आहे असं लिहिणार होतो, पण खोटं कशाला लिहू? आमच्या मंडळाची तपासणी आहे. हो, नीट वाचलंस. फंडी किनारा महाविद्यालय मूल्यांकन मंडळ, जे दर सात वर्षांनी एकेका कॉलेजच्या दारात यमदूतासारखं उभं राहतं, त्याच्याच दारात येत्या गुरुवारी दुसऱ्या प्रांतांतली तिघंजणं येऊन उभी राहणार आहेत. तपासणाऱ्यांनाही कुणीतरी तपासलं पाहिजे, असं आता ठरलं आहे. यात नापास झालो तर मंडळाची मान्यता जाईल आणि तिच्यामागोमाग माझी नोकरी, तीही निवृत्तीला तीन वर्षं उरलेली असताना. (तू आता हसते आहेस. हस.)

आमच्या संचालिका गिलेन कोर्मिए यांनी आत्मपरीक्षणाचा अहवाल लिहायचं लोढणं माझ्या गळ्यात बांधलं. वर म्हणाल्या, "आपलेच निकष आपल्याला लावायचे, त्यात काय एवढं?" अगं, आपलेच निकष हीच तर अडचण! कॉलेजांना आम्ही ऐंशी पानांची मर्यादा घालतो. आमचा अहवाल तीनशे बारा पानांवर गेला, तरी प्रस्तावना संपेना. सुधारणा समितीची इतिवृत्तं हवीत म्हणून कपाटं उपसली, तर पाच वर्षांत एकच बैठक झालेली निघाली आणि तीत 'बैठका नियमित घ्याव्यात' असा ठराव एकमताने मंजूर. प्रत्येक कॉलेजच्या कारभारात विद्यार्थी हवाच असा आमचा हेका, म्हणून आमच्याकडेही एक आहे, नऊ वर्षांपूर्वी नेमलेला. परवा फोन केला तर म्हणतो, "अहो, माझी मोठी पोरगी दुसरीत गेली, मी कसला विद्यार्थी?" (तरी यायला तयार आहे बिचारा. दप्तर आणू का, असंही विचारलं त्याने.)

हेही कसंबसं निभावलं असतं. घोडं अडलं ते तक्रारवहीपाशी. मंडळाविरुद्धच्या तक्रारी नोंदवायला आमच्याकडे लाल पुठ्ठ्याची एक वही आहे आणि ती कोरी करकरीत आहे. गिलेनबाईंना त्याचा केवढा अभिमान! अहवालात ठळक अक्षरांत छापलं: चौदा वर्षांत तक्रारी शून्य. त्यावर त्या तिघांचं पत्र आलं, की शून्य तक्रारी म्हणजे एक तर तुम्ही देवदूत असाल, नाहीतर तक्रार करायची कशी हे तुम्ही कुणाला कळू दिलेलं नसेल. दोन्हींपैकी काय ते पुराव्यानिशी दाखवा. बाई लालबुंद झाल्या. म्हणाल्या, "नियम काढा तो तक्रारीचा!" काढला. तक्रार दहा दिवसांच्या आत, सहीनिशी, इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन्ही भाषांत, आणि ज्याच्याविरुद्ध ती आहे त्याच अधिकाऱ्यामार्फत करावी. बाईंनी तो दोनदा वाचला. मग विचारलं, "लिहिला कुणी हा?" मी खिडकीबाहेरच्या बर्फाकडे बघत राहिलो. "वा! म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! ते काही नाही ऑरिन, गुरुवारच्या आत मला एक तक्रार आणून द्या. खरी हवी. आणि फार लागणारी नको."

तेव्हा मला तुझी आठवण झाली. (मावशी आठवते ती कामापुरती, असं म्हणशील. म्हण.) बारा वर्षांपूर्वी आम्ही तुझ्या कॉलेजात आलो होतो. तू तिथली ग्रंथपाल आणि मी तुझा भाचा, म्हणून मला मत द्यायला नियमाने बंदी. निव्वळ मोजमाप करायचं काम दिलेलं. वाचनालयात गेलो, खुर्च्या मोजल्या, शून्य भरल्या, शून्य लिहिलं. आता तुमच्या गावात पाहुणा आला की चर्चच्या हॉलमध्ये पंगत मांडल्याशिवाय कुणाला चैन पडत नाही, आणि हॉलमध्ये खुर्च्या कमी. म्हणून आमच्याच स्वागताच्या जेवणासाठी तू वाचनालयातल्या चाळीसच्या चाळीस खुर्च्या तिकडे धाडल्या होत्यास, हे मला कुणी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. 'विद्यार्थ्यांना बसायची सोय नाही' असं अहवालात छापून आलं, कॉलेजने तेच निमित्त करून वाचनालय बंद केलं आणि तुला निवृत्तीच्या चार वर्षं आधी घरी बसवलं. नोंद बरोबर होती, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलो. नोंद बरोबरच होती गं.

पत्र फार लांबलं. आईचा तुला निरोप आहे की मोहरीचं लोणचं पाठव. प्रकृतीला जप.

तुझा भाचा,
ऑरिन

ता. क. : त्या वेळी तू मंडळाला अकरा पानी तक्रार धाडली होतीस. नक्कल असली तर बुधवारच्या आत पाठव. दोन्ही भाषांची अट आता धरणार नाही. जमल्यास माझ्या अकलेविषयीची पानं गाळ; ती असणारच असा अंदाज आहे.

ता. क. २ : नक्कल शोधू नकोस. मूळ प्रत माझ्याच कपाटात सापडली. तेव्हा पहिलं पान एकाच भाषेत दिसलं म्हणून मी पुढे वाचलंच नव्हतं; 'अपात्र' असा शिक्का मारून, खाली 'आपला विश्वासू' लिहून छापील उत्तर पाठवलं होतं. तुला! आज अकराही पानं वाचली. तिसऱ्या पानावर लिहिलंयस की मी त्या जेवणात मासळीचं सूप दोनदा मागून घेतलं, आणि ज्या खुर्चीवर बसून प्यालो तिच्या पाठीवर वाचनालयाचा शिक्का होता. मावशी, चूक माझी होती. तुझं वाचनालय माझ्यामुळे गेलं. हे मी तेव्हाच म्हणायला हवं होतं. तक्रार लाल वहीच्या पहिल्या पानावर चढवली आहे, माझ्या अकलेसकट. मिळाल्याची तारीख तेव्हाची, वाचल्याची आजची. गिलेनबाईंनी कपाळाला हात लावला, "फार लागणारी नको म्हटलं होतं ना!" म्हणाल्या, पण खोडली नाही. गुरुवारी दहा वाजता ये आणि त्या तिघांना तुझ्या तोंडाने सांग. मग मंडळ राहो नाहीतर बुडो.

ता. क. ३ : पाकीट चिकटवलेलं पुन्हा फोडलं. गुरुवारी पाहुण्यांचं जेवण खालच्या हॉलमध्ये आहे. तिथे खुर्च्या कमी पडतात, म्हणून बाईंनी ज्या खोलीत तपासणी व्हायची तिथल्या सगळ्या खुर्च्या बुधवारीच खाली न्यायला सांगितल्या आहेत. मी अडवलं नाही. एक तेवढी टेबलाखाली दडवून ठेवतो आहे, तुझ्यासाठी.