वारुळावरची अळंबी राजूबाईस

मी, राघोबा वल्द ग्यानबा बिराजदार, वय अंदाजे सत्तर, राहणार निंबर्गा, तालुका आळंद, जिल्हा गुलबर्गा, आपखुशीने लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. डोळे अधू आहेत, म्हणून श्रीपतरावांनी लिहिलेले अमृतप्पांकडून दोनदा वाचून घेतले. श्रीपतरावांनी राग मानू नये. अळंबीचे वारूळ कुठे आहे, हे त्यांनी आज तीनदा विचारले.

एक. ओढ्याकाठचे शेत माझ्या मुलीला. जावयाच्या नावे काहीही नाही, त्याला कारण माहीत आहे.

दोन. माझा लहान विळा कोणालाही देऊ नये. विहिरीत टाकावा.

तीन. राजूबाई, माझा मयत भाऊ उद्धवराव याची बायको. पोलीस ॲक्शनच्या आदल्या वर्षी श्रावणात मी टोपलीभर अळंबी आणली, तिने रांधली. आमच्या घरी रांधणारीने पहिला घास खायचा, मग वाढायचे. त्या दिवशी तिचा सोमवार होता, म्हणून तो घास माझी बायको शकुबाई हिने घेतला व ती पोटभर जेवली. मी सवयीप्रमाणे, दुसऱ्यांना काही होत नाही हे पाहिल्याशिवाय, पानावर बसलो नाही. शकुबाई दोन दिवसांत गेली. राजूबाईने मुद्दाम उपास धरला असे मी गावभर सांगितले, अंगणात भिंत घातली, आठ वर्षे तिच्या हातचे पाणी घेतले नाही.

यंदा रेवणसिद्धप्पा धनगराने मला वारुळावर गाठले. मी लहान विळ्याने अळंबी नेहमीसारखी वरूनच कापत होतो. लांब मूळ दिसले की ती वारुळाची हे लोक ओळखतात आणि जागा हुडकतात. तो म्हणाला, “अण्णा, मूळ कामून तोडायलास? मूळच न्हाई, तर वारुळाची कंची अन् कुत्र्याची छत्री कंची, घरच्या बाईला कसं कळंल?”

मी तिथेच खाली बसलो. त्या टोपलीतली अळंबीही मीच अशीच कापून आणली होती. “मुळं कुटं हायती?” असे राजूबाईने विचारले होते आणि मी तिला गप्प केले होते. शकुबाई माझ्या हातून गेली.

सबब भिंत पाडावी, घर राजूबाईचे. वारूळ आमराईखालच्या बांधावर, पडक्या विहिरीच्या उगवतीला आहे. कोणीही वाचावे. अळंबी मुळासकट उपटावी.

चार. आज राजूबाईला अळंबी रांधायला सांगितली. उपासाची सबब नको म्हणून मुद्दाम रविवार धरला. ती ताट घेऊन आली व म्हणाली, “आधी मी खाते, भावजी. तुमाला इस्वास न्हाई.” मी तिचा हात धरला आणि पहिला घास मी घेतला. नेहमीसारखे तासभर थांबून पाहिले नाही. लगेच सही करतो.

राघोबा ग्यानबा बिराजदार, दस्तुरखुद्द

साक्षीदार: अमृतप्पा, सही. रेवणसिद्धप्पा, डाव्या अंगठ्याची निशाणी.
मुक्काम निंबर्गा, ता. ७ ऑगस्ट १९५५