आई तुझंच ऐकते

प्रिय ऋतू,

फोनवर बोलावं तर आई पलीकडच्या खोलीत कान लावून बसलेली असते, आणि माझं तोंड तुला माहीतच आहे, दोन वाक्यांत भांडण. म्हणून हे पत्र. नरसिंगभाऊजी उद्या नांदेडला निघालेत, त्यांच्याकडे देते.

आईच्या छातीवर लाल डाग उठलाय, हे मला तू सांगितलंस! मला, जिच्या घरात ती राहते! मागच्या वर्षी गाठ काढून रेडिएशनचा शेक चालू होता, तेव्हा साबण-पावडर बंद करून मऊ सुती झंपर मी शिवले, कातडी सोलली तेव्हा फुंकर मी घातली. आता आजार हाडात गेला म्हणून केमो, त्यात डाग उठला, तर तो पदराआड लपवून तिनं दाखवला कुणाला? तुला, व्हिडिओ कॉलवर. माझी मी न्हाते म्हणून न्हाणीची कडी लावून घ्यायची, आणि मी खुळी खूश, की आईला ताकद आली. अंगाचा नुसता तिळपापड झाला गं माझा. अजून होतोय.

तुझा फोन ठेवला आणि तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाईंनी विचारलं, शेक नेमका कुठं दिला होता? मी बोटानं दाखवलं. लाली तेवढ्याच चौकोनात, बाहेर रेघभर नाही. त्या म्हणाल्या, केमोच्या नव्या औषधानं शेकाची जुनी जागा कधी कधी अशी पुन्हा पेटते. आजार वाढला नाही, कुणाचं चुकलंही नाही. मलम दिलंय, केमोची सुई पुढं ढकललीय. कातडी निवली की तेच औषध जपून देतील, नाहीतर दुसरं. पण हाडातला आजार उतरणीला लागलाय, मध्येच सोडू नका, असं त्यांनी दोनदा बजावलं.

मलम मीच लावते. ती भिंतीकडं बघत लावून घेते. रविवारी तू डाळिंबं घेऊन आलीस की हीच बाई उठून बसते, डोक्याला नवा रुमाल बांधते, शेजारच्या गौरम्माला सांगते, "माझी धाकली लई मायाळू हाय." पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय! अहमदपूरच्या बाजारात बांगड्या दोघींना घ्यायची, पण कासारापुढं आधी हात तुझा ओढायची. पन्नाशी उलटली तरी मला आठवतं. हसू नकोस.

आता खरं ते लिहिते. आज सकाळी ती म्हणाली, "बास झालं. आता सुई न्हाई घेत म्या." मी समजावलं, चिडले, शेवटी पाया पडले. तिनं कूस बदलली. सोमवारी दवाखान्यात बोलावलंय, आणि माझ्या सांगण्यानं ती उठायची नाही. तुझ्या सांगण्यानं उठेल. हे लिहायला मला किती जड जातंय ते माझं मला ठाऊक, तरी लिहिते. शनिवारीच मुक्कामाला ये. तिच्याजवळ एकटी बस, मी भाजी आणायला बाहेर जाईन. माझ्याबद्दल ती काय काय बोलेल, ते मला सांगू नकोस. ती हो म्हणाली, एवढंच सांग.

तुझीच,
अक्का